कूबर पीडीत एक दिवस: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

ॲडलेडला राहायला आल्यापासून एक गोष्ट पक्की कळली. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: कांगारू आणि ‘ते जमिनीखालचं गाव’, म्हणजे ओपल या रत्नाच्या खाणींचं कूबर पीडी. कांगारूची सोय घरापासून पाऊण तासावर होते. गावाचं तसं नाही. फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवते आहे.

सकाळी लवकर निघालो तर रात्री ॲडलेडला परत येऊ ना?

नाही. नकाशावर एकच सरळ रेघ दिसते आणि माणूस फसतो. ॲडलेडहून कूबर पीडी ८४६ किलोमीटर. अख्खा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे तो संपवून वर आणखी दीडशे. न थांबता नऊ तास लागतात आणि न थांबता कुणी जात नाही, जाऊही नये.

‘एक दिवस’ म्हणजे गावातला एक दिवस असं धरा. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचायचं, रात्री जमिनीखाली झोपायचं, दुसरा दिवस पूर्ण गावाला द्यायचा, तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघायचं. दोन रात्री, एक दिवस. यात काटछाट करणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यांना कूबर पीडीचं काही आठवत नाही, फक्त गाडीची सीट आठवते.

मग लोक ‘डे ट्रिप’ करतात ती कशी?

बहुतेक जण घॅन या आगगाडीने. डार्विनहून ॲडलेडकडे येणारी तिची लांब पल्ल्याची सफर चार दिवसांची असते आणि त्यात एक दिवस कूबर पीडीचा. गाडी गावात येत नाही. ४२ किलोमीटरवर मँगुरी नावाची जागा आहे, तिथे उतरवून बसने नेतात, दिवसभर फिरवतात, परत गाडीत बसवतात. आरामाचं काम आहे, पण तिकिटाचा आकडा ऐकून आमच्या काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला होता.

ॲडलेडहून छोट्या विमानाचीही सोय आहे, उड्डाण दोनेक तासांचं. मात्र ते रोज नसतं आणि जाण्या-येण्याच्या वेळा एका दिवसात जुळतीलच असं नाही. तिकीट काढण्याआधी परतीचं विमान कोणत्या वारी आहे ते बघा. ॲलिस स्प्रिंग्जहून दक्षिणेकडे येणाऱ्यांनाही हे गाव वाटेतच लागतं. तिथून अंतर साधारण ७०० किलोमीटर.

स्वतः गाडी चालवत गेलो तर रस्ता कसा आहे?

उत्तम. स्टुअर्ट हायवे पूर्ण डांबरी आहे, खड्डे नाहीत, गर्दी नाही, टोल नाही. त्रास नेमका त्याचाच होतो, कारण डोळ्यांना काही कामच उरत नाही. पोर्ट ऑगस्टा सोडलं की पुढचे ५४० किलोमीटर झुडपं, लाल माती आणि आकाश. मधे लेक हार्टचं पांढरं मीठ दिसतं. तिथे गाडी थांबवून पाय मोकळे कराच. वूमेराचा फाटा लागतो. ते १९४७ मध्ये ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सरकारांनी क्षेपणास्त्र-चाचण्यांसाठी वसवलेलं गाव. हायवेच्या दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा आजही संरक्षण खात्याचा प्रतिबंधित भाग आहे, म्हणून मनाला येईल तिथे आत वळायचं नाही.

पेट्रोलचं गणित सोपं ठेवा: पंप दिसला की भरायचं. पोर्ट ऑगस्टाला टाकी पूर्ण भरा, पिंबाला पुन्हा. ग्लेंडाम्बोनंतर थेट कूबर पीडीपर्यंत २५० किलोमीटर एकही पंप नाही आणि मधला कुठला पंप त्या दिवशी चालू आहे हे निघण्यापूर्वी विचारून घेतलेलं बरं. पाणी माणशी निदान पाच लिटर जवळ ठेवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, हा इथला पहिला नियम.

दुसरा नियम अंधाराचा. सूर्य कलला की कांगारू आणि एमू रस्त्यावर येतात. शिवाय रोड ट्रेन असतात, म्हणजे एका इंजिनामागे तीन तीन डबे जोडलेले ट्रक, लांबी ५३ मीटरपर्यंत. त्यांना ओलांडताना आपल्या घाटात एसटीला ओलांडतो तशी घाई करायची नाही. समोर निदान एक किलोमीटर रिकामा रस्ता दिसला तरच जायचं. भाड्याच्या गाडीचा करारही नीट वाचा. कच्च्या रस्त्यावर किंवा रात्री गावाबाहेर चालवायला त्यात अनेकदा मनाई असते.

पोहोचल्यावर ‘हेच का ते?’ असं वाटतं म्हणतात. खरं का?

अगदी खरं. गावाच्या आधी वीसेक किलोमीटरपासून माळरानावर पांढुरके, गुलाबीसर ढीग दिसायला लागतात, जणू कुणी शेकडो मोठ्या मुंग्यांची वारुळं मांडून ठेवलीत. तो खाणींमधला उपसा. मग पत्र्याची घरं, गंजलेली यंत्रं, एक मुख्य रस्ता आणि टेकडीच्या कुशीत दारं. झाडं मोजून घ्यावीत इतकी. पहिल्या दहा मिनिटांत ‘यासाठी एवढं आलो?’ असं कुणीतरी म्हणतंच. वर दिसतो तो फक्त उपसा आहे. गाव बघायचं तर दार उघडून टेकडीत शिरावं लागतं.

लोक खरंच जमिनीखाली राहतात? बिळात?

बीळ म्हटलं तर त्यांना राग येणार नाही, ते स्वतःच हसतात. पण खरं तर ते खाली उतरत नाहीत, आडवे शिरतात. टेकडीच्या बाजूला दार, दारातून सरळ आत दिवाणखाना, त्यामागे झोपायच्या खोल्या. अशा घराला तिथे डगआउट म्हणतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुधा पुढच्या बाजूला, कारण पाणी बाहेर काढायचं असतं. डोक्यावर साधारण चार मीटर जाडीचा खडक ठेवावा लागतो. भिंती वाळूच्या दगडाच्या, त्यावर खोदयंत्राच्या दातांच्या गोल गोल रेघा तशाच राहू देतात. वरून पारदर्शक लेप मारतात, म्हणजे धूळ गळत नाही.

कारण उष्मा. उन्हाळ्यात बाहेर ४० अंशांच्या पुढे पारा नेहमीचाच, थंडीत रात्री कडाक्याचा गारठा. आत मात्र बाराही महिने २३ ते २५ अंश. एसी नाही, हीटर नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यात जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारी जो गारवा असायचा, तोच प्रकार. फक्त इथे भिंत म्हणजे अख्खी टेकडी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना खंदकात राहायची सवय होती, त्यांनी ही पद्धत रुजवली असं सांगतात.

आत गुदमरत नाही का? मला लिफ्टमध्येसुद्धा भीती वाटते.

हवेसाठी छतातून वर नळकांडी काढलेली असतात. छत उंच असतं, हवा खेळती असते. भीती वाटली तर ती अंधाराची वाटते. मागच्या खोल्यांना खिडकी नसते आणि दिवा मालवला की डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. उशाशी टॉर्च ठेवा. मात्र अशी शांत झोप मला इतर कुठे लागलेली नाही. सकाळ झाली हे फक्त घड्याळ सांगतं.

हे गाव वसलं कसं?

१९१५ च्या फेब्रुवारीत काही जण सोनं शोधत या भागात आले होते. त्यांच्यातला विली हचिसन हा चौदा वर्षांचा मुलगा. मोठी माणसं पाण्याच्या शोधात गेलेली असताना त्याला ओपलचे तुकडे सापडले. सोनं राहिलं बाजूला. पुढे देशाच्या पूर्व-पश्चिम आडव्या रेल्वेमार्गाचं काम १९१७ मध्ये संपलं, तिथले मोकळे झालेले मजूर आले, मग सैनिक आले. १९२० मध्ये गावाला कूबर पीडी हे नाव मिळालं. मूळ रहिवाशांच्या ‘कूपा पिटी’ या शब्दांवरून ते आलं आणि त्याचा अर्थ ‘भोकातला गोरा माणूस’ असा लावतात. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

तिसाच्या दशकात मंदीने गाव जवळजवळ ओस पडलं. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी बाईंना एट माइल भागात मोठा साठा लागला आणि लोक परतले. विलीचं नाव प्रत्येक माहितीफलकावर सापडतं, टॉटीबाईंचं शोधावं लागतं. साठच्या दशकात ग्रीस, सर्बिया, क्रोएशिया, इटलीहून माणसं आली. म्हणून दीड-दोन हजार वस्तीच्या गावात आजही चाळीसहून अधिक देशांची कुळं नांदतात.

खाण कोणत्या कंपनीची आहे?

कुणाचीच नाही, आणि मला या गावाबद्दल सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. इथे एकटा माणूस किंवा दोघे-तिघे भागीदार सरकारी परवाना काढतात, छोटासा तुकडा खुंट्या ठोकून आखतात आणि खोदतात. जमिनीत खाली काय आहे हे सांगणारं खात्रीचं यंत्र अजून नाही. एकाला पहिल्या आठवड्यात लागतं, शेजारच्याला वीस वर्षांत लागत नाही. ओपलच्या जातीचाच पण रंग न खेळणारा दगड निघतो, त्याला पॉच म्हणतात. खाणवाल्यांच्या आयुष्याचा मोठा भाग पॉच बघण्यात जातो. ‘काय, लागलं का काही?’ असं तिथे कुणाला विचारू नका. खरं उत्तर मिळत नाही आणि विचारणं शिष्टाचाराला धरूनही नाही.

ट्रकवर भलंमोठं पिंप बसवलेली वाहनं दिसतील. ते ब्लोअर, म्हणजे जमिनीखालची फुटलेली माती ओढून काढणारे राक्षसी व्हॅक्यूम क्लीनर. वारुळासारखे ढीग त्यांचेच.

एका दिवसात काय काय बघू?

सकाळी ओल्ड टाइमर्स माइन. १९१६ मध्ये हातांनी खोदलेली खाण. ती विस्मरणात गेली होती, १९६८ मध्ये कुणी घर वाढवताना भिंत फुटली आणि थेट या जुन्या बोगद्यात उघडली. हेल्मेट घालून, वाकून आत फिरता येतं. भिंतीत ओपलची चमक अजून दिसते. (गावाच्या हद्दीत ओपलसाठी खोदायला बंदी आहे. घराला एक खोली वाढवायला मात्र बंदी नाही. काही लोकांना खोल्या फार लागतात.)

दुपारी ऊन तापलं की सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च. जमिनीखालचं, १९९३ चं, उंच कमानीचं, भिंतीतच कोरलेल्या संतांच्या मूर्ती. वेरूळ पाहिलेल्या माणसाला खडक कोरून देऊळ करणं नवं नाही. तरी आत शिरल्यावर आमच्या सासूबाईंनी नकळत चपला काढल्या होत्या. इथे तशी पद्धत नाही, पण कुणी काही म्हटलं नाही. फेज नावाचं घरही उघडं असेल तर बघा. साठच्या दशकात फे नेलर यांनी दोन मैत्रिणींच्या मदतीने कुदळ-फावड्याने खोदलेलं, आत पोहण्याचा तलावसुद्धा आहे.

गवताचं एक पातं नसलेलं गोल्फचं मैदानही आहे. खेळाडू हिरवळीचा छोटा चौकोन हातात घेऊन फिरतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात.

ब्रेकअवेजला जायलाच हवं का?

हो. बाकी काही गाळलं तरी चालेल. गावापासून तीसेक किलोमीटरवर सपाट माळ अचानक तुटतो आणि खाली पांढऱ्या, पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या टेकड्या दिसतात. इथे कधीकाळी समुद्र होता. त्या समुद्रातल्या प्राण्यांची हाडं पुढे ओपलची झाली. १९८७ मध्ये कूबर पीडीला सापडलेला असा एक सागरी सरीसृप सिडनीच्या संग्रहालयात आहे, त्याला लाडाने एरिक म्हणतात.

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. ही जागा अंतकिरिंजा मातू-यंकुनिचाचारा लोकांची आहे, त्यांना तिथल्या टेकड्या त्यांच्या कथांमधून ओळखीच्या आहेत. प्रवेशासाठी परवाना लागतो, तो आधी काढून ठेवा. आखलेल्या वाटेबाहेर चढाई करू नका. शेवटचा टप्पा कच्चा आहे आणि पाऊस पडला की रस्ता बंद होतो. जवळच डॉग फेन्स लागतं, दक्षिणेच्या मेंढ्यांपासून डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, दूर ठेवणारं ५,६०० किलोमीटरचं कुंपण. दिसायला मात्र शेताचं साधं तारेचं कुंपण. त्याच्यासमोर फोटो काढून घरी पाठवला तर ‘हे काय?’ असंच विचारतात.

आम्हाला ओपल शोधता येईल?

येईल. त्याला तिथे नूडलिंग म्हणतात, म्हणजे उपशाच्या ढिगात दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेले तुकडे धुंडाळणं. गावात ज्वेलर्स शॉप रोडवर त्यासाठी सर्वांना खुली जागा आहे. दुसऱ्याच्या आखलेल्या जागेत पाऊल टाकायचं नाही, तो गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. परिसरात उघडे खड्डे अडीच लाखांवर असल्याचं सांगतात, काही कित्येक मजले खोल. म्हणूनच ‘पळू नका, मागे मागे चालू नका’ अशा पाट्या आहेत. कॅमेऱ्याच्या चौकटीत सगळे बसावेत म्हणून दोन पावलं मागे सरकणारे आपले मामा असतात ना, त्यांच्यासाठीच त्या लिहिल्यात.

माझ्या भाच्याने तीन तास उकरून नखाएवढा निळसर तुकडा मिळवला. पॉचच होता, तो आता पुण्यात देव्हाऱ्यात आहे.

पत्रिकेत ओपल सांगितला आहे. तिथूनच घेऊ का?

हा प्रश्न दर दुसऱ्या पाहुण्याचा. शुक्राचं रत्न हिरा, परवडत नाही म्हणून उपरत्न ओपल. पत्रिकेबद्दल मी बोलत नाही, दगडाबद्दल बोलते. हा शब्दसुद्धा बहुधा आपल्याच संस्कृत ‘उपल’वरून, म्हणजे दगड या अर्थाच्या शब्दावरून, ग्रीक-लॅटिनमार्गे फिरून आलाय.

दुकानात तीन प्रकार मिळतील. सॉलिड म्हणजे अखंड दगड. डब्लेट म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली. ट्रिप्लेट म्हणजे त्यावर आणखी काच किंवा स्फटिकाची टोपी. शेवटचे दोन खोटे नाहीत, पण चिकटवलेले आहेत. अंगठी दुधात, गंगाजलात बुडवून शुक्रवारी घालायची असेल किंवा हातातून न काढता भांडी घासायची असतील तर ट्रिप्लेट घेऊ नका. थरांत पाणी शिरलं की तो धुरकट होतो. सॉलिडला पाण्याचं भय नाही, त्याच्या पोटातच थोडं पाणी असतं. भय आहे ते आपटण्याचं आणि एकदम तापण्याचं. ओपल हिऱ्यासारखा कठीण नाही, साध्या वाळूनेही ओरखडा उठतो.

भारतात सराफाकडे मिळणारे बरेच ओपल इथिओपियाचे असतात आणि जयपूरला पैलू पाडलेले. दिसायला देखणे, पण ते पाणी शोषतात, काही काळ रंगही हरवतात. कूबर पीडीचा दगड बहुधा दुधी पांढऱ्यावर रंग खेळणारा. गडद काळा हवा असेल तर ते लायटनिंग रिजचं काम, वेगळ्या राज्यातलं. दगड विकत घेताना तो बोटांत फिरवून बघा: एकाच कोनातून चमकतो की सगळीकडून? दुकानाच्या दिव्याखालून दारापाशी, उन्हात नेऊ द्यायला दुकानदार तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. दुकानं भरपूर आहेत. एकाच विक्रेत्याकडे ३०० डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी झाली तर पावती जपून ठेवा. देश सोडण्याआधीच्या ६० दिवसांत घेतलेल्या वस्तूंवरचा कर प्रवाशांना विमानतळावर परत मिळतो.

शाकाहारी जेवण मिळेल?

पिझ्झा, ग्रीक सॅलड, बटाट्याचे चिप्स. एका रात्रीपुरतं चालतं. आम्ही दशम्या, चटणी आणि मेतकूट नेतो. भाताला पाणी खोलीत असतंच. गावचं पाणी जमिनीतून येतं, खारं असतं, ते गाळून गोडं करतात. म्हणून तिथे नळ सोडून दात घासणारा माणूस लगेच पाहुणा म्हणून ओळखू येतो.

कधी जावं?

मे ते ऑगस्ट. डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा, भारतातून सुट्टीला येणाऱ्यांनी नेमका तोच मुहूर्त धरू नये. माश्या थंडीतही असतात, उन्हाळ्यात अंगावर येतात. जाळीची टोपी पाच मिनिटं हास्यास्पद वाटते, नंतर कुणी काढत नाही. मे-ऑगस्टमध्ये रात्रीसाठी स्वेटर हवा.

आई-बाबांना झेपेल?

खाणीत वाकावं लागतं आणि काही पायऱ्या आहेत, बाकी सोपं आहे. गावात रुग्णालय आहे. रोजच्या गोळ्या मात्र दोन दिवस जास्तीच्या ठेवा, पाऊस लागला तर मुक्काम वाढतो. मोबाइलची रेंज गावात असते, हायवेवर तासन्‌तास नसते. भारतात फोन ‘पोहोचलो’ म्हणायलाच लावा, मधेच नाही.

भारताचा या भागाशी काही संबंध?

आहे, आणि तुम्ही ज्या गाडीने कदाचित जाल तिच्या नावातच आहे. घॅन म्हणजे अफगाणचं लघुरूप. रेल्वे आणि ट्रक येण्याआधी या वाळवंटात सामान वाहिलं ते उंटांनी. १८६० मध्ये कराचीहून जहाजाने उंट आणि उंटवाले मेलबर्नला उतरले, पुढे हजारो आले: बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी. इथल्या लोकांनी सरसकट सगळ्यांना अफगाण म्हटलं. त्या काळी सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणजे कराचीच्या बंदरावर कारभार चालायचा तो मुंबईचा. ट्रक आल्यावर पुष्कळ उंट मोकाट सोडले. त्यांचे वंशज या प्रदेशात आजही फिरतात आणि हायवेवर उंटाच्या चित्राची पाटी दिसते ती गंमत म्हणून लावलेली नाही.

कपडे कुठले आणू?

जुने. तिथली धूळ पहिल्या धुण्यात निघत नाही. पांढरा सदरा तर मुळीच नको.